सोमवारच्या रात्रीचे युद्ध : ठरलेल्या कुस्त्या आणि न ठरलेला निकाल

२६ मार्च २००१ च्या रात्री अमेरिकेतील 'टीएनटी' वाहिनीवर 'नायट्रो' हा व्यावसायिक कुस्तीचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पडद्यावर सर्वप्रथम दिसले ते व्हिन्स मॅकमॅहन. ज्यांना नमवण्यासाठी हा कार्यक्रम साडेपाच वर्षांपूर्वी सुरू करण्यात आला होता, तेच आता त्याचे मालक झाले होते. त्याच रात्री दुसऱ्या वाहिनीवर मॅकमॅहन यांचा स्वतःचा 'रॉ' हा कार्यक्रमही नेहमीप्रमाणे चालू होता. 'नायट्रो'चा तो अखेरचा भाग ठरला.

१९९५ ते २००१ या काळात अमेरिकी दूरचित्रवाणीवर दर सोमवारी रात्री चाललेला हा सामना 'मंडे नाइट वॉर्स', म्हणजे सोमवारच्या रात्रीचे युद्ध, या नावाने ओळखला जातो. एका बाजूला मॅकमॅहन कुटुंबाची 'वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन' अर्थात डब्ल्यूडब्ल्यूएफ ही कंपनी होती. दुसऱ्या बाजूला सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर यांच्या माध्यमसमूहातील 'वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग' म्हणजेच डब्ल्यूसीडब्ल्यू ही कंपनी होती. दोन्हीकडच्या कुस्त्यांचे निकाल अगोदर ठरलेले असत. या दोन कंपन्यांमधील स्पर्धा मात्र अस्सल होती आणि तिचा निकाल काय लागेल, हे दीर्घकाळ कोणालाही सांगता येत नव्हते. सलग ८३ आठवडे आघाडीवर राहिलेली आणि तुलनेने कितीतरी श्रीमंत पाठीराखा असलेली कंपनीच अखेर नाममात्र किमतीत विकली गेली. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

लढत ठरलेली, आघात खरा

तांबड्या मातीवरील कुस्ती पाहिलेल्या मराठी वाचकाला या खेळाचे स्वरूप प्रथम समजून घ्यावे लागते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दोन मल्ल उतरतात तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याला चितपट करायचे असते. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत समोरासमोर उभे असलेले दोघे वस्तुतः सहकारी असतात. कोण जिंकणार आणि लढत कशी संपणार, हे आयोजकांनी ठरवलेले असते. प्रेक्षकांना खिळवून ठेवील अशा रीतीने ती लढत रंगवणे, हे मल्लांचे काम असते. कोणी नायक असतो, कोणी खलनायक असतो आणि त्यांच्या वैराची कथा आठवड्यामागून आठवडे पुढे सरकत राहते. निकाल लटका असला तरी दहा-बारा फुटांवरून फळ्यांवर पडणाऱ्या शरीराला बसणारा आघात लटका नसतो.

हे गुपित जपण्याची या धंद्याची जुनी रीत होती. खलनायक आणि नायक यांनी रिंगणाबाहेरही एकत्र दिसू नये, असा दंडक असे. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे मात्र आपला व्यवसाय क्रीडा नसून करमणूक आहे, अशी भूमिका मांडली. क्रीडा आयोगाचे नियम आणि शुल्क यांतून सुटका व्हावी, हा त्यामागील हेतू होता. भारतालाही हा प्रकार अगदीच अपरिचित नव्हता. दारासिंग आणि किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल लढती १९५० आणि १९६० च्या दशकांत येथे अफाट गाजल्या होत्या.

प्रांतांच्या सीमा मोडल्या

अमेरिकेत हा व्यवसाय दीर्घकाळ प्रांतवार विभागलेला होता. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल रेसलिंग अलायन्स' या संघटनेखाली निरनिराळ्या भागांतील आयोजक एकत्र आले होते आणि एकाने दुसऱ्याच्या प्रदेशात पाऊल टाकू नये, असा अलिखित करार पाळला जात होता. मल्लाचे एका प्रांतात पटले नाही, तर तो दुसऱ्या प्रांतात जाऊन नव्याने नाव कमवू शकत असे.

१९८२ मध्ये व्हिन्स मॅकमॅहन यांनी वडिलांकडून ईशान्य अमेरिकेतील कंपनी विकत घेतली आणि हा करार झुगारून दिला. केबल दूरचित्रवाणीमुळे एका शहरात चित्रित झालेला कार्यक्रम देशभर पोहोचू लागला होता. मॅकमॅहन यांनी इतर प्रांतांतील नामवंत मल्ल आपल्याकडे ओढले, हल्क होगन यांना राष्ट्रीय पातळीवरील नायक बनवले आणि ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिले 'रेसलमेनिया' भरवले. पाहता पाहता बहुतेक प्रांतिक आयोजक बाजूला फेकले गेले.

टर्नर यांचा कुस्तीशी संबंध अटलांटातील त्यांच्या वाहिनीमुळे जुना होता. तेथील शनिवारच्या कुस्तीच्या कार्यक्रमाला दक्षिणेकडील राज्यांत निष्ठावान प्रेक्षकवर्ग लाभला होता. १९८८ मध्ये उत्तर कॅरोलिनातील क्रॉकेट कुटुंबाची कंपनी आर्थिक अडचणीत सापडली, तेव्हा टर्नर यांनी ती विकत घेतली. तीच पुढे डब्ल्यूसीडब्ल्यू या नावाने ओळखली जाऊ लागली. या दोन कंपन्यांमधील मूलभूत फरक येथेच दिसतो. मॅकमॅहन यांच्यापाशी कुस्तीखेरीज दुसरा मोठा व्यवसाय नव्हता. टर्नर समूहात वृत्तवाहिन्या, चित्रपटसंग्रह आणि क्रीडासंघ होते. कुस्ती हा त्यातील एक लहानसा विभाग होता. हा फरक पुढे निर्णायक ठरला.

सोमवारचाच मुहूर्त

डब्ल्यूडब्ल्यूएफचा 'रॉ' ११ जानेवारी १९९३ रोजी यूएसए नेटवर्क या वाहिनीवर सुरू झाला आणि सोमवार रात्र ही त्याची हक्काची वेळ झाली. तथापि, कंपनीचे दिवस तेव्हा बरे नव्हते. मल्लांना स्टेरॉइड पुरवल्याच्या प्रकरणी मॅकमॅहन यांच्यावर खटला चालला. जुलै १९९४ मध्ये ते निर्दोष सुटले, पण तोवर कंपनीची प्रतिष्ठा आणि उत्पन्न दोन्ही घसरले होते. त्याच सुमारास होगन डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये दाखल झाले.

डब्ल्यूसीडब्ल्यूची सूत्रे तेव्हा एरिक बिशॉफ यांच्याकडे होती. मॅकमॅहन यांच्याशी बरोबरी करायला काय लागेल, असे टर्नर यांनी विचारले आणि आपण मोक्याची वेळ मागितली, असे बिशॉफ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्यांना सोमवारचीच रात्र मिळाली. ४ सप्टेंबर १९९५ रोजी मिनेसोटा राज्यातील 'मॉल ऑफ अमेरिका' या विशाल व्यापारसंकुलातून 'नायट्रो'चा पहिला भाग थेट प्रक्षेपित झाला. त्या रात्री टेनिस स्पर्धेमुळे 'रॉ' दाखवला गेला नाही. 'नायट्रो'वर मात्र डब्ल्यूडब्ल्यूएफचे मल्ल समजले जाणारे लेक्स लुगर अचानक अवतरले. आठवडाभराने दोन्ही कार्यक्रम प्रथमच समोरासमोर आले, तेव्हा दोघांची प्रेक्षकसंख्या जवळजवळ बरोबरीत राहिली.

बिशॉफ यांचे मुख्य अस्त्र थेट प्रक्षेपण हे होते. खर्च वाचवण्यासाठी 'रॉ'चे अनेक भाग अगोदर चित्रित केले जात. 'नायट्रो' दर आठवड्याला थेट होत असे. त्यामुळे 'रॉ'मध्ये त्या रात्री कोण जिंकणार, हे बिशॉफ आपल्या कार्यक्रमात आधीच सांगून टाकत. डिसेंबर १९९५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफची महिला विजेती 'नायट्रो'वर आली आणि तिने प्रतिस्पर्धी कंपनीचा विजेतेपदाचा पट्टा कॅमेऱ्यासमोर कचराकुंडीत टाकला. नोव्हेंबर १९९७ मध्ये तर रिक रूड हे मल्ल एकाच रात्री दोन्ही कार्यक्रमांत दिसले. आधी चित्रित झालेल्या 'रॉ'मध्ये त्यांना दाढी होती आणि थेट चाललेल्या 'नायट्रो'मध्ये केवळ मिशा. कोणता कार्यक्रम शिळा आहे, हे प्रेक्षकांना निराळे सांगावे लागले नाही.

या चढाओढीचे मोजमाप होते नीलसन संस्थेचे साप्ताहिक रेटिंग. एखादी वाहिनी ज्या घरांत पोहोचते, त्यांपैकी शेकडा किती घरांत तो कार्यक्रम पाहिला गेला, हे त्यातून कळे. आजच्या भाषेत याला टीआरपीची लढाई म्हणता येईल. दर आठवड्याला येणारा हा आकडा दोन्ही कार्यालयांत निकालपत्रासारखा वाचला जात होता.

नायकाचे खलनायक होणे

२७ मे १९९६ रोजी डब्ल्यूडब्ल्यूएफमधून नुकतेच बाहेर पडलेले स्कॉट हॉल प्रेक्षकांतून चालत 'नायट्रो'च्या रिंगणात शिरले आणि त्यांनी युद्धाची भाषा केली. आपण प्रतिस्पर्धी कंपनीकडून चाल करून आलो आहोत, असा त्यांचा आविर्भाव होता. पाठोपाठ केविन नॅश आले. ७ जुलै १९९६ रोजी फ्लोरिडातील डेटोना बीच येथे या दोघांचा गुप्त साथीदार उघड झाला, तो म्हणजे हल्क होगन. दशकभर मुलांचा लाडका असलेला नायक खलनायक झाला होता. संतापलेल्या प्रेक्षकांनी रिंगणात कचऱ्याचा वर्षाव केला. या तिघांनी आपल्या टोळीला 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' असे नाव दिले.

या कथेचे यश तिच्या संदिग्धतेत होते. प्रेक्षकांना एव्हाना कुस्ती ठरलेली असते हे ठाऊक होते, पण एका कंपनीतील माणसे दुसरीत घुसली, यातले किती खरे आणि किती रचलेले, हे त्यांना उमगत नव्हते. डब्ल्यूडब्ल्यूएफने याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. रेटिंगमध्ये मात्र 'नायट्रो'ने १९९६ च्या जूनपासून जी आघाडी घेतली, ती सलग ८३ आठवडे टिकली.

या काळात मल्लांचा भाव वाढला. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये मानधन प्रामुख्याने तिकीटविक्रीवर अवलंबून असे आणि वर्षातील बहुतेक दिवस प्रवासात जात. डब्ल्यूसीडब्ल्यूने ठरावीक रकमेची हमी दिली आणि कामाचे दिवसही कमी ठेवले. आपली माणसे राखण्यासाठी डब्ल्यूडब्ल्यूएफलाही हमीचे करार करणे भाग पडले. दुसरे दार उघडे असले की पहिल्या दारावर घासाघीस करता येते, हा अनुभव प्रांतांची पद्धत मोडल्यानंतर मल्लांना पुन्हा येत होता.

माँट्रियलची घंटा

याच वाटाघाटींतून सर्वांत वादग्रस्त प्रसंग उद्भवला. कॅनडाचे ब्रेट हार्ट हे डब्ल्यूडब्ल्यूएफचे विजेते होते आणि १९९६ मध्ये त्यांनी कंपनीशी २० वर्षांचा करार केला होता. वर्षभरातच हा करार आपल्याला परवडत नसल्याचे मॅकमॅहन यांनी त्यांना सांगितले. हार्ट यांनी डब्ल्यूसीडब्ल्यूचा प्रस्ताव स्वीकारला. जाण्यापूर्वी त्यांनी विजेतेपद सोडणे आवश्यक होते, परंतु मायदेशात आणि तेही शॉन मायकल्स यांच्याकडून हरण्यास त्यांची तयारी नव्हती. कचराकुंडीत पडलेला पट्टा मॅकमॅहन विसरलेले नव्हते.

९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियल येथे दोघांची लढत झाली. निर्णायक निकालाविना ती संपेल, असे हार्ट यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात मायकल्स यांनी हार्ट यांना एका पकडीत धरताच, हार्ट यांनी हार मानलेली नसताना, मॅकमॅहन यांच्या आदेशावरून घंटा वाजवण्यात आली. ठरलेल्या निकालांच्या खेळात एका मल्लाला त्याच्या नकळत हरवण्यात आले होते. रिंगणाशेजारी उभ्या असलेल्या मालकावर हार्ट थुंकले. पडद्यामागील झटापटीत त्यांनी मॅकमॅहन यांना ठोसा लगावला.

तोवर पडद्यावर केवळ समालोचक म्हणून वावरणारे मॅकमॅहन आता मालक म्हणून प्रेक्षकांच्या रोषाचे लक्ष्य झाले. त्यांनी तो रोष कथानकात मुरवला आणि 'मिस्टर मॅकमॅहन' हा उर्मट, सूडबुद्धीचा मालक स्वतः रंगवायला घेतला. त्याच्यासमोर उभे राहिले स्टीव्ह ऑस्टिन. १९९५ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूने त्यांना दुखापतग्रस्त असताना कामावरून काढले होते. वरिष्ठांचा हुकूम धुडकावणारा, बिअर पिणारा, तोंडाळ टेक्सासवासी ही त्यांची भूमिका अमेरिकी नोकरदाराला आपली वाटली. २९ मार्च १९९८ रोजी बॉस्टन येथे मुष्टियोद्धा माइक टायसन यांच्या उपस्थितीत ऑस्टिन विजेते झाले. दोन आठवड्यांनी, १३ एप्रिल रोजी, मालक आणि नोकर समोरासमोर येणार अशी घोषणा झाली आणि त्या रात्री 'रॉ'ने ४.६ विरुद्ध ४.३ अशा रेटिंगने 'नायट्रो'ला मागे टाकले. ८३ आठवड्यांची मालिका खंडित झाली.

पारडे फिरले

डब्ल्यूसीडब्ल्यूपाशी तेव्हाही पैसा आणि माणसे यांची वाण नव्हती. तिची अडचण वेगळी होती. मोठ्या मल्लांच्या करारांत कथानकावर हक्क सांगणारी कलमे होती, त्यामुळे जुनी नावे शिखरावरून हटायला तयार नव्हती. मेक्सिकोतील शैलीत वाढलेले रे मिस्टेरिओ किंवा एडी गरेरो यांसारखे चपळ, तरुण मल्ल कार्यक्रमाची सुरुवात रंगवत. शेवटची लढत मात्र त्याच चाळिशीतील चेहऱ्यांची असे. दुसरीकडे 'नायट्रो' तीन तासांचा झाला आणि जानेवारी १९९८ पासून 'थंडर' हा आणखी एक साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. तीच माणसे आणि त्याच कथा अधिक वेळ ताणाव्या लागल्या.

रेटिंगच्या मोहाने धंद्याचे गणितही बिघडवले. मोठ्या लढती प्रेक्षकांना घरबसल्या सुमारे ३० डॉलर मोजून पाहाव्या लागत आणि कमाईचा मोठा भाग या सशुल्क प्रक्षेपणातून येई. ६ जुलै १९९८ रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये बिल गोल्डबर्ग या अपराजित तरुणाने होगन यांना हरवून विजेतेपद मिळवले. महिनोन् महिने जाहिरात करून विकता आली असती अशी ही लढत डब्ल्यूसीडब्ल्यूने सोमवारी फुकट दाखवली. त्या रात्रीचे रेटिंग जिंकले, पण मोठी मिळकत हातची गेली.

४ जानेवारी १९९९ ची रात्र या घसरणीचे प्रतीक मानली जाते. त्या दिवशीचा 'रॉ' आधी चित्रित झालेला होता आणि त्यात मिक फोली विजेते होणार होते. जुन्या सवयीनुसार 'नायट्रो'च्या समालोचकाने वरिष्ठांच्या सांगण्यावरून हा निकाल फोडला आणि उपहासाची पुस्तीही जोडली. फोली देखणे नव्हते, त्यांची देहयष्टीही आदर्श नव्हती. शरीराची पर्वा न करता वर्षानुवर्षे मार खाऊन त्यांनी प्रेक्षकांचे प्रेम मिळवले होते. निकाल कळताच लाखो प्रेक्षक तो सोहळा पाहण्यासाठी 'रॉ'कडे वळले. इकडे 'नायट्रो'च्या मुख्य लढतीत होगन यांनी नॅश यांच्या छातीला बोट लावले, नॅश आडवे झाले आणि विजेतेपद पुन्हा होगन यांच्याकडे गेले. सुमारे तीन वर्षांपूर्वी ज्या युक्तीने 'नायट्रो' पुढे गेला, त्याच युक्तीने त्या रात्री त्याचा प्रेक्षक घालवला. त्यानंतर 'रॉ' कधीही मागे पडला नाही.

एका घराण्याने मोजलेली किंमत

दर आठवड्याला मागच्यापेक्षा थरारक काही दाखवण्याची सक्ती दोन्हीकडे होती. डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये स्टिंग दोराने छतावरून उतरत आणि ती दृश्ये लोकप्रिय झाली होती. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात ब्रेट हार्ट यांचे धाकटे बंधू ओवेन हार्ट यांना अशाच प्रकारे रिंगणात उतरायचे होते. दोराची कडी अवेळी सुटली आणि ते उंचावरून खाली कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. ते ३४ वर्षांचे होते. कार्यक्रम थांबवण्यात आला नाही. उरलेल्या लढती त्याच रिंगणात पार पडल्या. कुटुंबाने दाखल केलेला दावा पुढे १ कोटी ८० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला.

ब्रेट हार्ट तेव्हा डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोल्डबर्ग यांची लाथ त्यांच्या डोक्याला जोरात लागली. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्यांची कारकीर्द संपुष्टात आली आणि पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने त्यांचा करार रद्द केला. एकाच घरातील दोन भावांचे, दोन्ही बाजूंकडून खेळताना, असे अपरिमित नुकसान झाले.

मल्ल कायद्याच्या दृष्टीने कर्मचारी नव्हते. ते 'स्वतंत्र कंत्राटदार' मानले जात. निवृत्तिवेतन किंवा कंपनीचा आरोग्यविमा त्यांना नव्हता आणि त्यांची कामगार संघटनाही नव्हती. पुढे मिनेसोटाचे गव्हर्नर झालेले मल्ल जेसी व्हेंचुरा यांनी १९८० च्या दशकात अशी संघटना उभारण्याचा प्रयत्न केला होता, तो फसला. वेदनाशामके, स्टेरॉइड आणि अखंड प्रवास यांचे परिणाम कित्येकांच्या शरीरावर नंतर दिसले. एडी गरेरो यांचे नोव्हेंबर २००५ मध्ये वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. त्यानंतर, फेब्रुवारी २००६ मध्ये, कंपनीने अमली पदार्थ आणि आरोग्य यांच्या तपासणीचे नवे धोरण जाहीर केले.

प्रेक्षक नव्हे, वेळ संपली

ऑक्टोबर १९९९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने १७ डॉलर दराने भांडवली बाजारात समभाग विक्रीला काढले. डब्ल्यूसीडब्ल्यूची घसरण मात्र थांबली नाही. बिशॉफ यांना बाजूला करण्यात आले, लेखक बदलले, एका चित्रपट अभिनेत्यालाही विजेता करून पाहिले. २००० या वर्षात कंपनीचा तोटा सुमारे ६ कोटी डॉलरपर्यंत गेल्याचे सांगितले जाते.

तरीही कंपनीचा शेवट केवळ तोट्यामुळे झाला नाही. १९९६ मध्ये टर्नर यांचा समूह टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाला होता आणि जानेवारी २००१ मध्ये टाइम वॉर्नर व एओएल यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. या प्रत्येक पायरीवर टर्नर यांचा अधिकार क्षीण होत गेला. कुस्तीवर प्रेम असलेला मालक निर्णयप्रक्रियेतून दूर झाला आणि ताळेबंदातील लाल आकडाच तेवढा उरला. बिशॉफ यांनी गुंतवणूकदारांच्या साह्याने कंपनी विकत घेण्याची तयारी केली होती. मार्च २००१ मध्ये वाहिन्यांचे नवे प्रमुख जेमी केलनर यांनी टीएनटी आणि टीबीएस या दोन्ही वाहिन्यांवरून कुस्ती हटवण्याचा निर्णय घेतला. प्रक्षेपणाची वेळच राहिली नाही, तेव्हा त्या खरेदीला अर्थ उरला नाही आणि गुंतवणूकदार मागे फिरले.

लाखो घरे त्या महिन्यातही 'नायट्रो' पाहत होती. प्रेक्षक असूनही कार्यक्रम बंद झाला, कारण प्रेक्षकांची संख्या आणि वाहिनीच्या मालकाची इच्छा या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेळेविना उरलेली कंपनी फक्त एकालाच उपयोगी होती. २३ मार्च २००१ रोजी मॅकमॅहन यांनी ती घेतल्याचे जाहीर झाले. बोधचिन्हे आणि चित्रफितींचा संग्रह यांसाठी मोजलेली रक्कम २५ लाख डॉलरच्या आसपास होती, असे सांगितले जाते. सुमारे दोन डझन मल्लांचे करार नव्या मालकाने स्वीकारले. अनेक मोठी नावे जुन्या करारांची मुदत संपेपर्यंत घरी बसून राहिली. उरलेल्यांना अमेरिकेत तेवढ्या तोलामोलाचे दुसरे दार राहिले नव्हते. फिलाडेल्फियातील ईसीडब्ल्यू ही तिसरी लहान कंपनीही त्याच सुमारास दिवाळखोरीत गेली.

भारतातील पडसाद

भारतात १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि केबलचे जाळे पसरले आणि त्यांच्याबरोबर ही कुस्ती घरोघरी आली. येथील मुलांना कंपन्यांमधील युद्धाची फारशी कल्पना नव्हती. त्यांच्यासाठी मल्ल म्हणजे खिशात मावणारे पत्ते होते. प्रत्येक पत्त्यावर मल्लाचे चित्र, क्रमांक, उंची, वजन आणि छातीचे माप छापलेले असे आणि मधल्या सुटीत त्यावर डाव रंगत. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी' या हिंदी चित्रपटात अक्षयकुमार यांच्यासमोर 'अंडरटेकर' म्हणून ब्रायन ली हा वेगळाच मल्ल उभा करण्यात आला होता. अनेक प्रेक्षक त्यालाच खरा अंडरटेकर समजले. पुढे २००७ मध्ये हिमाचल प्रदेशातील दिलीपसिंह राणा, अर्थात 'ग्रेट खली', यांनी याच कंपनीचे जागतिक विजेतेपद मिळवले. तोपर्यंत अमेरिकेतील युद्ध संपून सहा वर्षे उलटली होती आणि भारतीय प्रेक्षकासाठी ही कुस्ती म्हणजे एकच कंपनी, असे समीकरण रूढ झाले होते.

दुसरे दार

विजयानंतर मॅकमॅहन यांच्या कंपनीची भरभराट झाली. तिची प्रेक्षकसंख्या मात्र वाढली नाही. १० मे १९९९ रोजी 'रॉ'ने ८.१ रेटिंग मिळवले होते. ती उंची स्पर्धा संपल्यावर तिला पुन्हा गाठता आली नाही. २००२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचे काम करणाऱ्या जागतिक संस्थेशी झालेल्या नावाच्या वादानंतर कंपनीने डब्ल्यूडब्ल्यूई हे नाव धारण केले. जानेवारी २०२५ पासून 'रॉ' नेटफ्लिक्सवर दाखवला जाऊ लागला.

दरम्यान, २०१९ मध्ये 'ऑल एलीट रेसलिंग' ही नवी कंपनी स्थापन झाली. तिचा साप्ताहिक कार्यक्रम २ ऑक्टोबर २०१९ रोजी सुरू झाला, तो टीएनटी वाहिनीवरच. या कंपनीचे पहिले विजेते ठरले ख्रिस जेरिको. डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये वरच्या फळीत जागा मिळत नाही म्हणून १९९९ मध्ये ते डब्ल्यूडब्ल्यूएफकडे गेले होते. डिसेंबर २०२० मध्ये स्टिंगही तेथे परतले. 'नायट्रो'ची अखेरची लढत त्यांनी रिक फ्लेअर यांच्याविरुद्ध याच वाहिनीवर केली होती. वीस वर्षांत प्रथमच अमेरिकेतील मल्लाला करार संपल्यावर, दूरचित्रवाणीवर झळकणाऱ्या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे जाण्याचा पर्याय मिळाला. करारावर सही करताना मात्र डब्ल्यूडब्ल्यूईतील मल्ल आजही कर्मचारी म्हणून नव्हे, तर स्वतंत्र कंत्राटदार म्हणूनच सही करतात.